आईसाहेबांच्या रथातील हेर उपटिला त्याची हकीकत

श्रीलंबोदर प्रसन्न, कुलस्वामिनी सावध. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, श्रावण मासी अमुक एका राज्यी वर्तले ते लिहिले ऐसे:

राज्याच्या आईसाहेब कालिंदीबाई परम व्रतस्थ. चातुर्मासात कांदा वर्ज्य आणि सोमवारी महादेवाचे दर्शन होईतो मौन, ऐशी कीर्ती चारी सोसायट्यांत दुमदुमत होती. कीर्तीस छिद्र एकच. कांदाभजी म्हणजे आईसाहेबांचा जीव की प्राण आणि देवळाच्या वाटेवर गेनबाची भजीची गाडी, मग रोज तेथे रथ उभा करावा आणि काच खाली करोन पोटभर वास घ्यावा. खाणे नाही. वासाने व्रत मोडते ऐसे कोण्या पोथीत नाही, हे आईसाहेबांनी स्वतःच स्वतःस पुसोन स्वतःच ठरविले होते. परंतु रथ नवा, चिरंजीव निरंजनरावांनी दिधला, आणि त्याचे पोटी हेर, म्हणजे माग काढणारी जीपीएसची पेटी. रथ कोठे थांबला ते चिरंजिवांस मोबाईलवर कळे. एके दिनी जेवता जेवता, सूनबाईंदेखत, ते वदले, "आई, देवळाच्या अलीकडे रोज कुठं थांबतेस गं?" "सिग्नल असतो रे," आईसाहेब हळूच म्हणाल्या. सिग्नल तेथे नव्हता. व्रतस्थेच्या मुखी असत्य आले आणि सुनेपुढे कीर्ती बुडते ऐसे भय पडले, मग गुप्तपणे बशीर मिस्त्रीस हुकूम जाहला की हेर मारावा.

मिस्त्री आला तो नेमका सोमवारी. डॅशबोर्ड उघडोन तार तोडिली आणि पुसिले, "माईसाहेब, पेटीत हिची स्वतःची छोटी बॅटरी हाय, तीबी काढू का? न्हाईतर बोंबलंल." आईसाहेबांस मौन! हात हलविला तो 'लौकर आटप' म्हणोन. मिस्त्री समजला 'राहू दे'. मग आईसाहेब निघाल्या आणि सवयीने गेनबापाशी थांबल्या, तोच डॅशबोर्डातून आकाशवाणी जाहली, "मॅडम, गाडीशी छेडछाड झाली आहे. आपण सुरक्षित आहात का? कृपया बोला." आईसाहेब गप्प. "उत्तर न मिळाल्यास इंजिन बंद करण्यात येईल." आईसाहेबांनी डॅशबोर्डास हात जोडिले. इंजिन बंद पडले, भोंगा सुटला आणि अर्धे नगर जमा जाहले. मोबाईलवर खबर लागोन निरंजनराव आले ते स्कूटर फेकोन धावले, "आई, चोर कुठाय?" आईसाहेब नुसती मान हलविती, तोच गेनबा कढईवरून ओरडला, "चोर कसला सायेब! माई रोजच्याच हायेत आपल्या. काय माई, आज खानार, का नुसता वासच?"

चोर सापडला.

निरंजनरावांनी मातुःश्रींकडे क्षणभर पाहिले, मग म्हणाले, "गेनबा, दोन प्लेट," आणि शेजारी बसोन दोन्ही एकट्याने फस्त केल्या. आईसाहेबांनी मौनही राखिले आणि वासही घेतला. मग देवळात जाऊन सिग्नलाबद्दल नाक घासले.

तात्पर्य, पेटीची तार पुन्हा जोडिली. लेकाचा हेर उपटावयास मिस्त्री मिळतो. महादेवाची तार तोडील ऐसा कारागीर राज्यात नाही. कार्तिकी द्वादशीस कांद्याचे व्रत सुटेल. तोवर काच खालीच.