ट्रकचं प्रस्थान

शालिकरामनं एकदा ठरवलं की ठरवलं! मग साक्षात ब्रह्मदेव आडवा आला तरी हा त्याला म्हणेल, सरका थोडे, गाडी जाऊ द्या. लकडगंजच्या मागच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर त्यानं ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, की मायला जगन्नाथपुरीचा समुद्र दाखवणार, आणि तोही आपल्या ट्रकनं, अख्खं घर सोबत घेऊन, तेव्हा कोणी हसलं नाही. निदान तोंडावर तरी नाही.

शालिकराम कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनवाला. बावीस वर्षं तिथलं ऑइल इंजिन त्यानं सांभाळलेलं, त्यामुळे जगातलं कुठलंही इंजिन आपल्याला नुसतं पाहून सरळ होतं अशी त्याची पक्की समजूत.

त्याची माय प्रयागबाई बहात्तर वर्षांची. जन्मात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे भंडाऱ्याजवळची वैनगंगा, तीही पुलावरून. समुद्र पाहायची तिला चाळीस वर्षांची हौस. नवऱ्यानं दाखवतो म्हटलं, तो वारला. थोरल्या लेकानं दाखवतो म्हटलं, तो नोकरीसाठी मुंबईला गेला आणि तिथं एकटाच समुद्र पाहत बसला. उरला धाकटा शालिकराम. बुढीनं तोंडानं कधी मागितलं नाही, पण "यंदा गुडघे बरे आहेत" असं ती दर हिवाळ्यात म्हणायची, आणि दर हिवाळ्यात ते शालिकरामच्या काळजाला लागायचं.

ट्रक म्हणाल तर लढाईच्या काळातला, अमेरिकन, डिस्पोजलचा. कामठीच्या लष्करी लिलावातून तो सावनेरच्या एका कोळशाच्या ठेकेदाराकडे गेला, तिथं सात-आठ वर्षं कोळसा वाहून दमला, आणि मग शालिकरामच्या गळ्यात पडला. धुवायला काढला तर चार दिवस नुसतं काळं पाणी! पाचव्या दिवशी खालून हिरवा रंग निघाला तेव्हा शालिकरामनं गल्लीत पेढे वाटले. पण गाडी दमदार होती, खोटं कशाला बोला. चारही चाकं ओढायची. दोन महिने शालिकरामनं तिची तयारी केली. मागं दोन्ही बाजूंनी बाकं ठोकली, फाळक्याला चढायला पायऱ्या लावल्या, पाण्याचा पिंप बांधला, स्टोव्हला कोपरा केला, आणि मायसाठी पुढं, आपल्या बाजूला, कापूस भरलेली खास बैठक. जिनिंगमधल्या माणसाला कापसाचा काय तोटा?

ठेकेदाराच्या फौजी ड्रायव्हरनं गाडी देताना एक युक्ती सांगितली होती. इंजिनात अंगठ्याएवढा एक काळा तुकडा असतो, रोटर. करंट वाटायचं काम त्याचं. तो काढून घरात ठेवला की चोराचा बाप आला तरी गाडी हलत नाही. शालिकरामला ही युक्ती भारीच आवडली. रोज संध्याकाळी तो रोटर काढायचा, दुपट्ट्यानं पुसायचा आणि भिंतीतल्या देवळीत देवांच्या बाजूला ठेवायचा. आमच्या गल्लीतून आजवर सायकलसुद्धा चोरीला गेली नव्हती, पण फौजेची शिस्त म्हणजे शिस्त!

या बेताला विरोध एकट्या मनोहररावांचा. मनोहरराव म्हणजे शालिकरामची बायको गोपिका, तिचे थोरले भाऊ. राहणार रामदासपेठ, अंगात कोट, खिशात रेल्वेचं वेळापत्रक. हे भंगार भंडाऱ्यापर्यंत जरी पोचलं तरी देव पावला, असं ते चारचौघांत म्हणत. तरी यायला तेही तयार होतेच. घरची अकरा माणसं आणि बारावे मनोहरराव.

जोशीबुवांनी मुहूर्त काढला शुक्रवारी सकाळी नऊचा, आणि ट्रकची ताडपत्री शिवून मिळणार रविवारी. आता काय करता? तर यावर आपल्या जुन्या लोकांनी तोड काढून ठेवलेली आहे. प्रस्थान! म्हणजे मुहूर्ताला निघता येत नसेल तर निघणाऱ्यांची एकेक वस्तू पोटलीत बांधायची, संगं तांदूळ, सुपारी, हळकुंड घालायचं, आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. झालं, आपण निघालो. मग फक्त पाच दिवसांच्या आत, पाचव्या दिवशीचा सूर्य बुडायच्या आधी, गावाची शीव ओलांडावी लागते. आणि पोटली घरी परत आणायची नाही. ती घरी आली की यात्रा मोडली.

प्रयागबाईनं शुक्रवारी पोटली बांधली आणि गल्लीच्या पूर्वेच्या टोकाला कांताबाईच्या घरी नेली. पोटली ठेवली आणि स्वतःही तिथंच राहिली! म्हणाली, मी निघाली, आता समुद्र पाहूनच घरात पाय ठेवीन. कांताबाईच्या ओसरीवर खाट टाकली, पोटली उशाखाली घेतली, आणि बुढीचा प्रवास सुरू झाला. घरून दोन्ही वेळचा डबा जाऊ लागला.

शुक्रवार प्रस्थानाच्या गडबडीत गेला, गाडीला हात लागला नाही. शनिवारी सकाळी शालिकरामनं देवळीत हात घातला. रोटर नाही.

त्यानं देव उचलून पाहिले, समई हलवून पाहिली, उंदराच्या बिळात काडी घालून पाहिली. नाही म्हणजे नाही. आता त्याच वेळी त्यानं मोठ्यानं विचारलं असतं, की बाप्पा, माझा रोटर कोणी पाहिला का, तर ही गोष्ट तिथंच संपली असती आणि मी तुम्हाला दुसरं काहीतरी सांगत बसलो असतो. पण ज्या माणसानं दोन महिने गल्लीला ऐकवलं, की या गाडीचा नट न् नट मले ओळखते, तो कोणत्या तोंडानं विचारणार? गोपिकानं विचारलं, काय पाहून राहिले? तर म्हणाला, देवळीले चुना लावा लागते वाटते.

मग तो गुपचूप भंगारबाजारात गेला आणि तीन रोटर घेऊन आला. पहिला आत जाईना. दुसरा आत गेला तो बाहेर येईना. तिसऱ्यानं असा धूर काढला, की समोरच्या घरच्या बाईनं वाळत घातलेले पापड उचलून नेले. गल्लीला संशय नको म्हणून तो दर तासाला येऊन सेल्फ मारायचा, मान हलवायचा आणि "ट्यूनिंग चालू आहे" म्हणायचा. रविवार संध्याकाळपर्यंत बॅटरीनंही राम म्हटला.

आता त्याच्या डोक्यात मनोहरराव शिरले. रेल्वेचा माणूस, ट्रकचा वैरी, त्यानंच लांबवला असणार! मनोहरराव जेवायला बसले आणि शालिकरामनं खुंटीवरच्या त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला. नेमके ते हात धुवायला बाहेर आले. खिशातला हात न काढताच शालिकराम म्हणाला, कापड पाहून राहिलो होतो, लय चांगलं आहे. मनोहररावांना वाटलं, जावईबापूंना पहिल्यांदा अक्कल आली. ते इतके खूश झाले, की सोमवारी सकाळी त्यांनी आपला शिंपीच पाठवून दिला, आणि शालिकरामला ट्रकखालून बाहेर येऊन छातीचं माप द्यावं लागलं.

त्यानंतर त्यानं सगळं सामान ट्रकमधून उतरवलं. सांगितलं, की वजन बरोबर बसलं नाही. मग लाडूंचा डबा पालथा केला, चिवडा परातीत ओतून चाळला, लोणच्याच्या बरणीत कोपरापर्यंत हात घातला. घरच्यांना वाटलं, काळजीनं याला वखवख सुटली. गोपिकानं दोन भाकरी जास्तीच्या टाकल्या. त्यानं त्याही मोडून पाहिल्या.

आणि रोज संध्याकाळी तो कांताबाईच्या ओसरीवर जायचा. माय विचारायची, झाली का गा तयारी? हा म्हणायचा, होऊनच राहिली. बुढी समाधानानं पाय चेपत बसायची, गुडघे तयार ठेवायची.

मंगळवार उजाडला. पाचवा दिवस. मनोहररावांनी बुधवारच्या गाडीचे रिझर्वेशनचे फॉर्म भरून आणले. पण मोडलेलं प्रस्थान घेऊन बुढी रेल्वेतच काय, विमानातही बसणार नाही, हे शालिकराम जाणून होता. पुढचा मुहूर्त थेट वैशाखात. तोवर गुडघे कोणी पाहिले? तीन वाजता तो कांताबाईच्या ओसरीवर गेला आणि खाटेजवळ खाली बसला.

"माय, गाडी नाही निघत."

"काहून?"

"एक तुकडा हरवला माझ्याच्यानं. चार दिवस झाले. तुले सांगायची हिंमत नाही झाली." आणि ऑइल इंजिनाला एका हातानं थांबवणारा हा माणूस घळाघळा रडायला लागला.

बुढीनं त्याला थोडं रडू दिलं. मग विचारलं, "काळा होता का? वर पितळेची पट्टी?"

शालिकरामनं मान वर केली.

"तो तर शुक्रवारीच निघाला ना गा," प्रयागबाई म्हणाली. "सगळ्यायची एकेक वस्तू बांधली. तुहा रुमाल, गोपिकाची बांगडी. मंग गाडी का येऊन नाही राहिली आपल्यासंग? तू रोज त्याले पुसून देवापाशी ठेवत होता. म्हटलं, गाडीचा जीव त्याच्यातच असन."

आता यात बुढीचं चुकलं कुठं, तुम्हीच सांगा. गाडीचा जीव खरंच त्याच्यात होता!

शालिकरामनं उशाकडे झडप घातली. बुढीनं पोटली छातीशी धरली आणि म्हणाली, पोटली घरी जात नसते. त्यानं विनवलं, फक्त इंजिनापर्यंत नेतो. इंजिन घराच्या दारात उभं आहे, म्हणजे ते घरच झालं, असं बुढीचं म्हणणं. तो म्हणाला, त्याच्याबिगर गाडी इथवर येईल कशी?

"मंग ढकला," प्रयागबाई म्हणाली.

शालिकराम गल्लीत आला आणि त्यानं जे चार दिवस गिळलं होतं ते सगळं ओट्यावर उभं राहून सांगून टाकलं. रोटर, भंगारबाजार, कोट, लोणचं, सगळं. गल्ली पोट धरून हसली, हे खरं. पण हसून झाल्यावर एकही माणूस घरात गेला नाही. सामान पुन्हा भरलं, आणि घरची दहा माणसं, अख्खी गल्ली, कोट काढून बाह्या वर केलेले मनोहरराव, सगळ्यांनी ट्रकला खांदा लावला. दोनशे पावलांचं अंतर. पाऊण तास लागला! मनोहरराव मागून "एक, दोन, तीन" म्हणत होते आणि तिनाला स्वतःच दम खात होते.

कांताबाईच्या दारात प्रयागबाईनं गाठ सोडली. हळकुंडानं पिवळा झालेला, तांदळाचे दाणे चिकटलेला रोटर तिनं लेकाच्या हातावर ठेवला. त्यानं तो कपाळाला लावला, पुसला, बसवला. बॅटरी तर गेलेलीच होती. म्हणून बुढीला कापसाच्या बैठकीवर बसवलं, आणि मागं पुन्हा सगळे लागले. ट्रक हलला, गडगडला, शालिकरामनं क्लच सोडला, आणि धाड! धाड! धाड! इंजिन असं पेटलं, की लढाईतसुद्धा कधी पेटलं नसेल!

त्या आवाजानं शालिकरामच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. आता थांबायचं नाही. थांबलं आणि बंद पडलं तर? सूर्य तर कलला होता. त्यानं गल्ली ओलांडली, भंडारा रोड धरला, बैलगाड्या मागं टाकल्या, सायकली मागं टाकल्या. आणि मान न वळवता, इंजिनाच्या वर आवाज चढवून, मागच्या मंडळींना भाषण ठोकायला सुरुवात केली. पाहा मनोहरराव, भंगार म्हणत होते ना? गोपिका, आता बोल! समुद्राले चाललो आपण, समुद्राले! मागून कोणी उलटून एक शब्द बोललं नाही, तेव्हा त्याला आणखीच जोर चढला. एवढं सगळं त्याचं म्हणणं आजवर कोणी ऐकूनच घेतलं नव्हतं.

शिवेवरचा पारडीचा नाका आला तेव्हा सूर्य हातभर उरला होता. नाक्यावरच्या कारकुनानं विचारलं, किती माणसं? शालिकराम ऐटीत म्हणाला, बारा. कारकून मागं गेला, ताडपत्री वर केली, परत आला आणि म्हणाला, "मले तर लोणच्याची बरणी दिसून राहिली."

शालिकराम मागं वळला. बाकं रिकामी. सगळे ढकलत होते ना!

"माय, थे सगळे मागंच राहिले."

"हाव," प्रयागबाई शांतपणे म्हणाली. "मले दिसले ना आरशात. वळणापर्यंत गाडीमागं पयत होते. गोपिका तर लयच पयली."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"दिवस बुडून राहिला होता गा. म्हटलं, आंधी शीव ओलांडू."

आता निघालेल्या माणसाला माघारी फिरता येत नाही, आणि इंजिन बंद करायची शालिकरामची छाती नव्हती. तो नाक्यापलीकडे धडधडत्या ट्रकमध्ये बसून राहिला. अंधार पडता पडता भंडारा रोडवरून सहा सायकलरिक्षांची रांग आली. पहिल्या रिक्षात गोपिका. तिनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पायऱ्या चढून मागं बसली आणि ताडपत्री ओढून घेतली.

आणि मग ट्रक पळाला की नाही? अहो, पळाला म्हणजे काय! रायपूर मागं टाकलं, संबलपूरजवळच्या एका नाल्यात फसलेली भरली बस चारही चाकांनी ओढून काढली, मनोहररावांनी वेळापत्रकाच्या कागदावर चिवडा खाल्ला, आणि पाचव्या दिवशी सकाळी जगन्नाथपुरीच्या वाळूत ट्रक समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. शालिकरामनं मायला हात धरून पाण्यात नेलं. बुढी गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली, कितीतरी वेळ. मग म्हणाली, "लयच आहे गा." आणि लेकाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शालिकरामला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. आता कोणी काही म्हणो!

तेवढ्यात गोपिका त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. पारडीच्या नाक्यापासून पुरीपर्यंत ती नवऱ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तिनं समुद्राला हात जोडले, पदर सावरला आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"वापस जातानी आम्ही सगळे आंधी बसून घेऊ," ती म्हणाली. "मंग तुम्ही खाली उतरा आन् ढकला."