गार्डसाहेबांची खाट

यशवंत सकाळी आठला चिडला आणि चिडलेलाच झोपायला निघाला. दुपारी तीनला बी.ए.चा तर्कशास्त्राचा पेपर. गेल्या साली तो त्यातच नापास झाला होता. या खेपेला पुन्हा तेच झालं तर कॉलेज बंद, इंजिनात कोळसा ओढायला लावीन, असं आप्पांनी बजावलं होतं. पण अभ्यास करायचा कधी? आप्पा मालगाडीचे गार्ड. रात्री गाडी, दिवसा झोप. नगरा या रेल्वेवस्तीतल्या त्या घरात दिवसा मोठ्यानं वाचायची चोरी, भांडं आपटायची चोरी. गार्डसाहेबांना उठवावं ते फक्त ड्यूटीचं बोलावणं घेऊन येणाऱ्या रेल्वेच्या माणसानं, हा घरचा कायदा. म्हणून यशवंतनं तीन रात्री चहावर काढल्या, आणि आता एकच ओळ पाचव्यांदा वाचूनही कळेना.

“बाराला उठव. विसरलीस तर बघ,” तो धाकट्या बहिणीवर, बकुळेवर, खेकसला.

आप्पा त्या दिवशी सुट्टीवर होते. चष्मा दुरुस्त करायला ते इलाइट चौराह्यावर गेले होते, आणि न विचारता यशवंतची सायकल घेऊन. त्यांच्या खोलीला वाळ्याचे पडदे, आत गारवा. यशवंत त्यांच्याच खाटेवर डोक्यावरून चादर ओढून आडवा झाला.

बाराला बकुळा आली. खाटेवर चादर, खाटेखाली आप्पांचे ड्यूटीचे बूट. ती चवड्यांवर मागे फिरली. गच्ची पाहिली, अंगण पाहिलं. सायकल नाही, म्हणजे दादा कॉलेजात गेला. दारातल्या काकडीवाल्याला तिनं दटावलं, “भैया, धीरे. गार्डसाब सो रहे हैं.”

लक्ष्मी ताल तळ्याकाठच्या देवळात नवस बोलून आई एकला परतली.

“प्रसाद न घेताच गेला? शिंगं फुटलीत त्याला,” ती संतापून कुजबुजली. त्या घरात दिवसाचा संतापही कुजबुजतच होई.

अडीचला आप्पा सायकल घेऊन आत आले. “माझ्या खाटेवर कोण निजलंय?”

“तुम्ही,” बकुळा म्हणाली.

पुढच्या क्षणी त्या घरात भरदिवसा पहिल्यांदा आरडाओरड झाली.

“या घरात माणूस मेला तरी कुणी हलवून बघणार नाही,” यशवंत सदरा उलटा चढवत ओरडला. “आणि माझी सायकल कुणी नेली?”

“खाली बूट कुणाचे ते बघून झोपावं,” बकुळाही तापली. “तर्कशास्त्र शिकतोस ना?”

तीनला दोन मिनिटं असताना तो परीक्षेच्या हॉलमध्ये धडकला. शेजारच्या बाकावर वर्गातला वामन. चार रात्री जागल्याची फुशारकी तो कालपर्यंत मारत होता. अर्ध्या तासात त्याचा गाल उत्तरपत्रिकेवर टेकला आणि शाई गालावर उमटली. यशवंतची लेखणी मात्र थांबेना. सहा तासांची सलग झोप त्याला होळीनंतर पहिल्यांदाच मिळाली होती. त्यानं दोन पुरवण्या मागून घेतल्या.

घरच्यांना काय काय सुनावायचं ते त्यानं परतीच्या वाटेत पाठ केलं होतं.

“कसा गेला?” आप्पांनी विचारलं.

“चांगला,” तो ओरडला.

“मग ओरडतोस कशाला?”

त्यामुळे तो आणखीच चिडला.

दोन दिवसांनी दुसरा पेपर होता. रात्रपाळी करून आप्पा सकाळी नऊला घरी आले. खाटेवर डोक्यावरून ओढलेली चादर. खाटेखाली त्यांचेच जुने बूट, पॉलिश करून जोडीनं मांडलेले.

“आता मी कुठे झोपू?” आप्पांचा आवाज चढला.

बकुळेनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला आप्पा. गार्डसाहेब झोपलेत.”