दुरुस्ती दरबाराने न्हाणीघराचा वेढा फोडला, त्याची कैफियत

ऐकणाराने स्वस्थ बसोन ऐकावे, वाचणाराने चष्मा पुसोन वाचावे. लिहिणाराने पदरचे घातले ऐसा कोणास संशय आल्यास त्याने दरबाराचे दप्तर उघडावे. सर्व खलिते वेळेच्या शिक्क्यांनिशी तेथे मौजूद आहेत.

दुरुस्ती दरबार म्हणजे फोनवरील एक ग्रुप. त्याचे तख्त स्थापिले मावशीसाहेबांनी. मावशीसाहेब कचेरीत अडतीस वर्षे टाइपरायटर बडवून निवृत्त जाहल्या, वय वर्षे बहात्तर, घरी एकल्या, आणि स्वभाव ऐसा की समोरच्याने हार खाल्ली तरी त्यास चहा पाजल्याशिवाय सोडणे नाही. तापाच्या साथीचे वर्षी मुलखात सर्व दारे बंद जाहली, आणि दुरुस्तीवाला कोणी येईना, आणि ऐन त्या समयी त्यांच्या इस्त्रीने मान टाकिली. मग त्यांनी सात माणसांचा ग्रुप काढिला आणि फर्मान सोडिले की, ज्याचे मोडले त्याने सांगावे, ज्यास जोडता येते त्याने शिकवावे, आणि कोणी कोणास हसू नये.

मग माणसे येत गेली. दंतवैद्य आले, जुळ्यांची आई आली, विमानांत सामान चढविणारे आले, आणि एक निवृत्त न्यायाधीश आले, ज्यांनी मोठमोठे निकाल दिले परंतु बल्ब बदलणे साधले नव्हते. वेताच्या खुर्च्या विणणारे वेतकाका आले. ते जन्मांध, त्यांचा फोन त्यांस अक्षरे वाचोन दाखवी. घड्याळजी आले, त्यांस लहानपणापासोन ऐकू येत नाही. बसवाले दादा आले. ते बस हाकीत, आणि त्यांची बोटे ऐसी जाड की एक अक्षर दाबू जाता तीन उमटत, म्हणोन ते सर्व मजकूर बोलोनच धाडीत. ऐसी दोनशे चौदा माणसे जमा जाहली, आणि साथ सरेपर्यंत एकमेकांचे पंखे, चष्मे आणि धीर दुरुस्त करीत राहिली.

साथ सरली आणि दुही माजली. दादांनी कुकरच्या शिटीविषयी सात मिनिटांचे भाषण धाडिले. घड्याळजींनी लिहिले, "लिहून पाठवा, मला ऐकू येत नाही." दादा फिरोन बोलले की, मला लिहिता येत नाही त्याचे काय? हे बोलणेही बोलोनच धाडिल्यामुळे घड्याळजींस कळले नाही, त्यांनी तोच खलिता पुन्हा धाडिला, आणि दादांस वाटले, हा गृहस्थ मुद्दाम खिजवितो. मग ध्वनिपक्ष आणि अक्षरपक्ष ऐसे दोन तट पडले. तीन मास रणकंदन जाहले. दादा तेवीस असामींनिशी दरबार सोडोन गेले, मग कंटाळोन आणखीही गेले, आणि दोनशे चौदांचे एकसष्ट उरले. मावशीसाहेबांनी एके दिवशी भाचीस सांगितले, "अगं, बंदच करते आता. सकाळी उठून भांडणं कोण वाचणार?"

दुसरे दिवशी सकाळी साडेनवास मावशीसाहेब दरबार बरखास्तीचे फर्मान लिहीत लिहीतच फोनासह न्हाणीघरात दाखल जाहल्या आणि दार लोटिले. दाराची मूठ फिरवू जाता ती हातात आली, आणि मुठीची चौकोनी दांडी पलीकडच्या मुठीसह बाहेर गळोन घरंगळत गेली. मग दिवा फडफडला आणि विझला. न्हाणीघरास खिडकी नाही. फोनात बॅटरी अकरा टक्के. टॉर्च लावावा तर फोन जातो, न लावावा तर दिसत नाही, ऐसा वेढा चहूंकडोन आवळला.

भाची इस्पितळात परिचारिका, कामावर असता तिचा फोन कपाटात. इतरांस फोन लावावा तर लागेना, कारण त्या भिंतींतून आवाज पार होत नसे. अक्षरे मात्र अडखळत, एकेक करोन पार होत. मग मावशीसाहेबांनी बरखास्तीचे फर्मान पुसिले आणि त्याच जागी लिहिले, "बाथरूममध्ये अडकले आहे. मूठ निघाली. अंधार आहे. किल्ली खाली इस्त्रीवालीकडे."

बाकीचे साठ फोन एकदम वाजले. न्यायाधीशांनी धीर धरण्याचा हुकूम दिला. दंतवैद्यांनी दाराचे चित्र मागितले. जुळ्यांच्या आईने त्यांस दटाविले की, बाई अंधारात आहे, चित्र कशाचे काढणार? तेव्हा सर्वांच्या ध्यानी आले की, अंधारात काम कैसे करावे हे दरबारात एकासच ठाऊक. मग सर्वांनी आपापली तोंडे मिटिली आणि वेतकाकांस पुढे केले.

वेतकाकांचा खलिता आला, "दार आत उघडतं ना? ओढताय का?"

"ओढतेय."

"कधीपासून?"

"पंधरा मिनिटं."

"अहो, ओढून ओढून तुम्हीच कुलपाची जीभ आवळून धरलीय. खांद्यानं बाहेर दाबा. मग बोटानं चौकोनी भोक शोधा. नेलकटर आहे?"

नेलकटर आरशाखालच्या फळीवर होते. परंतु अंधारात हात लावू जाता प्रथम दात घासण्याचा ब्रश पडला, मग पावडरीचा डबा पडला, मग मावशीसाहेबांस शिंका आल्या, आणि बॅटरी सहा टक्के जाहली.

इकडे घड्याळजी आपल्या दुकानात उभे. त्यांस ठाऊक होते की, इस्त्रीवालीपाशी साधा फोन, तोही पिशवीत. आणि तिच्या दुकानासमोर जी बस शेवटच्या थांब्यास लागते, ती दादांची. परंतु दादा दरबारात नाहीत, आणि लिहिले तरी गाडी हाकणारा वाचणार कधी? घड्याळजी तीस वर्षांत परक्या माणसाशी तोंडाने बोलले नव्हते. शाळेत मुले त्यांच्या बोलण्यास हसली, तेव्हापासोन त्यांनी चिठ्ठीवरच संसार केला. त्यांनी दुकानाचे दार लोटिले, आणि फोन तोंडापाशी धरिला, आणि बोलले, "दादा, मी घड्याळजी. मावशी बाथरूममध्ये अडकल्यात. किल्ली इस्त्रीवालीकडे. तुम्ही जवळ आहात. जा. माझ्यावरचा राग नंतर काढा."

दादांनी शेवटच्या थांब्यास गाडी उभी करोन ते ऐकिले. पुन्हा ऐकिले. मग प्रवाशांस जाहीर केले, "उतरा सगळे. गाडी परत सुटायला उशीर होईल. समोर एक बाई बाथरूममध्ये अडकलीय."

ऐसे ऐकोन अकरा प्रवाशांपैकी कोणीही आपल्या वाटेने गेला नाही. सर्व दादांमागे निघाले. त्यांत एक रंगारी शिडीसह होता. इस्त्रीवालीने किल्ली दिली आणि स्वतःही निघाली. जिन्याच्या वळणावर शिडी अडकली, आणि फौज दुभंगली, पाच वर आणि बाकी खाली, आणि खालच्यांनी वरच्यांस उपदेश आरंभिला. दादा शिडीखालोन रांगत पार जाहले, घराचे दार उघडिले, आणि न्हाणीघरासमोर येवोन गर्जिले, "मावशी, बाजूला व्हा! तीन म्हटलं की धडक मारतो!"

आत मावशीसाहेबांच्या नाकात पावडर, कानात दडे. त्यांनी खांद्याने दार दाबिले, नेलकटरची पट्टी भोकात घातली, आणि पिळली. कुलपाची जीभ मागे सरली. तिकडे दादा "तीन" म्हणाले, आणि त्याच क्षणी मावशीसाहेबांनी दार आत ओढिले.

दादा वाऱ्यासारखे आत शिरले आणि थेट बादलीत विसावले. मावशीसाहेब त्यांच्या बगलेतून बाहेर पडल्या. दार धाडकन मिटले.

मग वेढ्यात दादा. बाहेर प्रवासी, इस्त्रीवाली आणि अंगभर पांढऱ्या मावशीसाहेब ऐसे हसत सुटले की, कोणाच्याने दाराची मूठ शोधवेना. दादांस त्या हशात एकच आठवले की, तिकडे दुकानात एक माणूस वाट पाहतो आहे, आणि हा गलका त्यास ऐकू जाणार नाही. बोलोन धाडावे तर त्यास कळणार नाही, आणि भिंतीतून पारही होणार नाही. मग दादांनी बादलीतच बसोन जन्मातला पहिला लेखी खलिता दोन बोटांनी सिद्ध केला, आणि त्यास सहा मिनिटे लागली.

"मावशि बाहेर. मि आत."

घड्याळजींनी तो वाचिला आणि दुकानात एकटेच इतके मोठ्याने हसले की, शेजारचा न्हावी वस्तऱ्यासह धावत आला.

दादांची सुटका नेलकटर दाराखालोन सरकवोन, वेतकाकांच्याच हुकुमाने जाहली. बस सव्वीस मिनिटे उशिरा सुटली. त्याच दिवशी मावशीसाहेबांनी नवा दस्तूर जारी केला की, जो बोलेल त्याचे बोलणे दुसऱ्याने लिहोन द्यावे, जो लिहील त्याचे लिहिणे हवे त्यास वाचोन दाखवावे, चित्रात काय आहे ते वेतकाकांस सांगावे, आणि या कामास कोणी उपकार म्हणू नये. गेलेले परतले, अकरा प्रवासी नव्याने दाखल जाहले, इस्त्रीवालीने भाचीचा जुना फोन घेतला, आणि दोनशे सव्वीस असामींचा दरबार कायम जाहला. येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती दप्तरी नोंदिली.

एवढे लिहोन कलम ठेवणार, तो त्याच संध्याकाळचा एक खलिता हाती आला. घड्याळजींनी दादांस लिहोन पुसिले होते की, खरे सांगा, माझा आवाज कैसा आहे? दादांनी अकरा मिनिटे खपोन उत्तर लिहिले, तेही जैसेच्या तैसे दप्तरी दाखल केले आहे:

"घोगरा. पन सगळं कळलं. परत बोला."