मिनिटभर मागे

जहाजावरची नोकरी संपवून काशीराम गुहागरला परतला, तेव्हापासून त्याचा दिवस रेडिओवर सुरू व्हायचा. त्या बुधवारी केंद्रावर श्रोत्यांचे फोन घेणार होते आणि विषय होता, 'इंटरनेटच्या जमान्यात रेडिओचं काय होणार?' काशीरामने चार मुद्दे कागदावर उतरवले होते. पहिला घरातलाच होता. मुंबईहून आलेल्या मुलाने, संदेशने, आईच्या मोबाईलवर तेच केंद्र लावून दिलं होतं, पण मोबाईल रेडिओपेक्षा मिनिटभर मागे बोलायचा.

"मी बोललेलं तुला शिळं होऊन ऐकू येणार," तो बायकोला, हौसाला म्हणाला.

"येऊ दे की. मला काय गाडी पकडायचीय?" हौसा फोडणी देत म्हणाली.

काशीराम परसात गेला आणि पहिल्याच झटक्यात फोन लागला. निवेदिकेने विषयाला हात घालण्याआधी सहज विचारलं, "काका, आज जेवायला काय बेत?"

"कोवळ्या फणसाची भाजी."

"वा, काकूंच्या हातची?"

"हिच्या हातची आपली खायची म्हणून खायची. भाजी खावी ती शेजारच्या मथुराची."

निवेदिका खळखळून हसली, वेळ संपली म्हणाली आणि गाणं सुरू झालं. चारही मुद्दे खिशातच राहिले.

आपण काय बोलून बसलो, हे काशीरामला तेव्हा कळलं. आणि हौसाने ते अजून ऐकलेलं नाही, हेही. तो धावतच स्वयंपाकघरात शिरला. मोबाईलमधून नुकतंच 'नमस्कार काशीरामकाका' आलं होतं.

"फोन दे जरा. संदेशशी बोलायचंय."

"गप ऱ्हावा ओ. तुमचा आवाज येतोय."

"काका, आज जेवायला काय बेत?" मोबाईल म्हणाला.

काशीराम माजघरात पळाला आणि वायफायच्या डबीची पिन उपटली. आत मोबाईल मुका झाला.

"नेट गेलं वाटतं," हौसा हळहळली.

"हेच तर मी रेडिओवर सांगितलं," काशीराम घाम पुसत म्हणाला. "इंटरनेटचा काय भरवसा नाही."

एवढ्यात मथुरा वाटी घेऊन दारात आली. "भावजी, रेडिओवर ऐकलं. आमच्या घरात माझ्या भाजीला कोणी बरी म्हटलेलं नाही. ही ताजी आणलीय."

हौसाने वाटी घेतली. नवऱ्याकडे पाहिलं. मग बोटाने चव घेतली.

"नेमकं काय बोलले हे?" तिने विचारलं.

"मी कसं सांगू, वैनी? तुम्हीच ऐका की. मोबाईलवर त्याचं रेकॉर्डिंग राहतं म्हणे. कधीपण लावा, कितीपण वेळा."

"अहो," हौसा शांतपणे म्हणाली, "ती पिन लावा."

काशीरामने पिन लावली. त्याचा आवाज घरभर खणखणीत घुमला. हौसाने ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा तिला हसू आवरेना, तेव्हा कुठे काशीरामही बेताबेताने हसला.

"मथुरा, खोबरं भाजून घालतेस काय गं?" तिने विचारलं, आणि दोघी चुलीशी बसल्या.