मागच्या पानावरचा माणूस

आमचे शेजारी दिगूकाका एका ऑस्ट्रेलियन लेखकाचं आयुष्य जगायचे. लेखकाला याची कल्पना नव्हती. तो तिकडे मेलबर्नला, काका इथे ठाण्याच्या कोपरीत.

झालं काय, कल्याणला रद्दीवाल्याकडे काकांना एक इंग्रजी कादंबरी मिळाली. आत काय होतं देव जाणे, काकांनी वाचलं फक्त मागचं पान : लेखक पत्रकार, कादंबरीकार आणि पटकथाकार आहेत. पत्नी आणि कुत्र्यासह समुद्रकाठी राहतात.

कल्याणजवळ मोहने गावच्या कारखान्यात कारकुनी करणारा माणूस, पेटला ना! "एक माणूस तीन-तीन होतो, मग आपण का नाही रे?"

आधी पत्रकारी. ठाण्याच्या एका साप्ताहिकात बातमी आली, 'कोपरीत नळाला पाणी.' पुढच्या आठवड्यात, 'कोपरीतले पाणी गेले.' मग पटकथा. त्यात हिरोईन पहिल्याच सीनला मरायची आणि पुढचे तीन तास सगळे तिच्याबद्दलच बोलायचे. समुद्र नव्हता, खाडी चालवून घेतली. कुत्रा पण आणलेला, तो सुकटीच्या वासाने कोळीवाड्यात गेला तो तिथलाच झाला.

काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. "काका, चहा घेणार?"

"तुझ्या काकूला विचारून सांगतो."

मी चाळीत याची नक्कल करायचो. चष्मा नाकावर, मान वाकडी. लोक लोळायचे.

शेवटी कादंबरी छापायला आम्ही दोघं कल्याणच्या एका प्रेसमध्ये गेलेलो. काकांनी मागच्या पानाचा मजकूर सोबत नेलेला. प्रेसवाला म्हणाला, "साहेब, एवढं नाय बसणार. एक ओळ ठेवा. आत्ताच सांगा, मशीन लावायचंय."

"हिला विचारून सांगतो."

"मग लावा ना फोन! समोर पीसीओ आहे."

काका खरंच गेले. काचेतून मला दिसत होतं. नंबर फिरवलाच नाही, नुसता रिसीव्हर कानाला. मान हलवत होते. मधेच हसले पण.

आमच्या चाळीत फोन नव्हता कुणाकडे. आणि काकू जाऊन पाच वर्षं झालेली. म्हणून तर चाळ हसायची.

"काय म्हणाल्या वहिनी?" प्रेसवाल्याने विचारलं.

"म्हणाली, बाकीचं काढा."

काकांनी पेन काढलं. पत्रकार खोडलं, पटकथाकार खोडलं, कादंबरीकारावर जरा थांबले, मग तेही खोडलं.

पुस्तक अजून आहे माझ्याकडे. मागच्या पानावर एकच ओळ : लेखक पत्नी सुमतीसह कोपरीत राहतात.