संचिता आधार परिवाराचे मनोबल

डोंबिवलीजवळच्या कोपरच्या पारिजात सोसायटीत राहणाऱ्या साडेतीन वर्षांच्या संचिताच्या यकृतात गाठ निघाली. गाठीचं नाव हेपॅटोब्लास्टोमा. लहान मुलांना क्वचितच होणारा कॅन्सर. डॉक्टरांनी तिच्या आईवडिलांना, म्हणजे प्राची आणि सुदेशला, बजावलं, "उपचार आहेत, चांगले आहेत. फक्त इंटरनेटवर भलतंसलतं वाचू नका." मग काय वाचायचं, हे विचारेपर्यंत पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

सुदेशने अर्थातच वाचलं. हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरतानाच त्याने 'यकृत गाठ उपाय' असं टाइप केलं आणि जिथे मोफत सल्ला दिसला तिथे आपला नंबर देऊन टाकला. त्यावरून मोबाइलने निष्कर्ष काढला, की हा माणूस पितो. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या ऑफिसात तो साहेबांसमोर बसलेला असताना व्यसनमुक्ती केंद्राचा फोन आला. घाईत बोट स्पीकरवर पडलं. "सर, कबूल करणं हीच पहिली पायरी," पलीकडची बाई मायेने म्हणाली. साहेबांनी त्याला न मागता अर्ध्या दिवसाची रजा दिली आणि खांदा थोपटत म्हणाले, "सुटेल, सुटेल."

सोसायटीला मात्र डॉक्टरांनी काहीच बजावलं नव्हतं. सेक्रेटरी बाबुरावांनी 'संचिता आधार परिवार' हा व्हॉट्सॲप ग्रुप स्थापन केला. त्यात रहिवासी आले, रहिवाशांचे पाहुणे आले, पाहुण्यांचे व्याही आले. घाईत सुदेशला घ्यायचं राहून गेलं. पपईच्या पानांचा रस, तांब्याच्या भांड्यातलं पाणी, मंतरलेली खडीसाखर असे उपाय धडाधड येऊ लागले. एकाने द्राक्षांच्या बियांनी गाठ विरघळते असं लिहिलं, तर दुसऱ्याने द्राक्षांमुळेच गाठ होते याचा व्हिडिओ टाकला. ग्रुपमध्ये उभी फूट पडली. अखेर बाबुरावांनी नियम जाहीर केला : 'सदर ग्रुपवर केवळ सकारात्मक मजकूर टाकावा.'

एका रविवारी, दुसऱ्या केमोनंतर, संचिताचं अंग तापलं. हॉस्पिटलचा फोन लागेना. प्राचीने ग्रुपवर लिहिलं, 'केमोनंतर हिला ताप आलाय. कोणाला अनुभव आहे का? थांबू की घेऊन जाऊ?'

मेसेज काढून टाकण्यात आला. प्राचीने बाबुरावांना फोन लावला.

"काका, मेसेज का काढलात?"

"अगं, तिसऱ्या मजल्यावरच्या वैशालीला वाचून चक्कर आली. ग्रुपचं मनोबल खचतं."

"ताप माझ्या मुलीला आलाय!"

"तेच म्हणतोय मी. ताप एकीला आहे, मनोबल सगळ्यांचं आहे."

प्राचीने तोच मेसेज पुन्हा टाकला. ग्रुपच्या आरोग्याच्या हितासाठी तिला ग्रुपमधून कमी करण्यात आलं. आता परिवारात संचिताच्या घरचं कोणीच उरलं नाही आणि मनोबल झपाट्याने सुधारलं.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी शालन, कळव्याहून. माझ्या नणंदेने मला तुमच्या ग्रुपवर घातलेलं. मेसेज काढायच्या आत मी वाचला. माझ्या प्रीतमला हेच झालेलं. आधी रिक्षात बस. केमोतला ताप घरी बघत बसायचा नाही. वाटेत हॉस्पिटलला फोन लावत राहा."

"तुमचा मुलगा आता..." प्राचीला पुढचं विचारवेना.

"पाचवीला आहे. आत्ता खाली क्रिकेट खेळतोय, ओरडून ओरडून घसा बसला माझा. निघ तू!"

प्राची वेळेत पोचली. संचिताला इन्फेक्शन होतं, ते आटोक्यात आलं. पुढे शालन हॉस्पिटलात येऊन प्राचीजवळ बसू लागली, आणि काय शोधायचं, कुठे शोधायचं, कशावर विश्वास ठेवायचा नाही, ते दाखवू लागली. ऑपरेशन झालं, उरलेली केमो झाली. संचिता बरी झाली, आणि पहिल्यांदा बिस्किटासाठी भांडली तेव्हा सुदेश स्वयंपाकघरात जाऊन रडला.

यथावकाश ठाण्यातल्या एका संस्थेने 'संचिता आधार परिवारा'ला सर्वोत्कृष्ट आधार पुरस्कार जाहीर केला. बाबुराव संचिताला स्टेजवर न्यायला घरी आले आणि दारातच थबकले.

"केस आले वाटतं हिला?"

"हो काका, बरी झाली ती."

"आनंदच आहे. पण आता बॅनरवर बिनकेसांचा फोटो छापून झालाय. निदान टोपी घालशील?"

संचिता गेली नाही. पण सत्कारमूर्तीची आई म्हणून प्राचीला ग्रुपमध्ये परत घेण्यात आलं. तिने लगेच लिहिलं : 'मुलाला दुर्मीळ कॅन्सर निघाला तर रिपोर्टवरचं नाव जसंच्या तसं टाकून शोधा. माहिती कोणी आणि कधी लिहिली ते बघा. काही विकत असतील तर बंद करा. त्याच आजारातून गेलेल्या पालकांशी गाठ घालून द्यायला डॉक्टरांना सांगा. केमोत ताप आला तर लगेच हॉस्पिटल गाठा.'

सगळ्यांनी हात जोडले. बाबुरावांनी मागे सूर्योदय लावून तो पुढे पाठवला. मेसेज डोंबिवलीभर फिरला.

काही महिन्यांनी वैशाली दारात उभी राहिली. तिच्या भाच्याच्या, आर्यनच्या, डोळ्यात गाठ निघालेली.

"प्राची, तू ग्रुपवर काहीतरी टाकलेलंस ना गं? काय होतं त्यात?"

"तू वाचलं नव्हतंस?"

"हात जोडलेले ना मी!"

प्राचीने तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि शालनला फोन लावला.

वैशालीला हसू नका. तुम्ही तर तो मेसेज आत्ताच वाचलात. वर न बघता सांगा बरं, काय होतं त्यात?