केळुसकरकाका आणि क्रेटवरच्या बाई

आमच्या केळुसकरकाकांना 'कसे आहात?' असं विचारायची सोय नव्हती. विचारलं तर स्वतःबद्दल ते चकार शब्द काढत नसत, आमच्या तोझाई रेल्वे लाइनबद्दल सांगत. लाइनवरून गाडीत उभ्या उभ्या पेंगणाऱ्या माणसांवर, तिथून त्यांच्या हातातल्या मोबाइलवर आणि मोबाइलवरून सरकारवर. आपण नुसती मान डोलवत स्टेशन येण्याची वाट बघायची. प्रत्येक विषयाची सुरुवात एकाच वाक्याने व्हायची, "माझं साधं मत आहे." मत साधं असेलही, पण ते सांगून होईस्तोवर चहाचं सरबत व्हायचं.

टोकियोजवळ ग्योतोकुला आम्ही एकाच इमारतीत राहत होतो, ते दुसऱ्या मजल्यावर आणि मी तिसऱ्या. टोकियोतल्या एका विमा कंपनीत दोघेही कंत्राटावर. मी पुण्याहून आलेली 'ब्रिज इंजिनिअर'. म्हणजे जपानी साहेब काय म्हणाले ते पुण्याला फोनवर सांगायचं, आणि पुणं काय म्हणालं त्यातलं निम्मं गाळून साहेबांना सांगायचं. काका डोंबिवलीचे, पन्नाशी ओलांडलेले. त्या काळात भारतातून इंजिनिअर पोरांच्या झुंडी जपानला येत होत्या, आणि त्या पंचविशीतल्या घोळक्यात काका सहलीच्या बसमध्ये बसलेल्या हेडमास्तरांसारखे दिसायचे. कंपनीचा जुना अवाढव्य कॉम्प्युटर, मेनफ्रेम, अजून कोबोलवर चालायचा आणि ती भाषा येणारी माणसं आता सापडत नव्हती, म्हणून त्यांना आणलं होतं.

"काका, कोबोल मेली की हो," पोरं चिडवायची.

"मेली ना? मग महिन्याच्या महिन्याला माझा पगार कोण देतंय? भूत?"

तंत्रज्ञानावरची त्यांची मतं अशी रोखठोक असत. बटणं नसलेला फोन येणार अशी बातमी आली तेव्हा ऑफिसातली पोरं हरखून गेली. काका म्हणाले, "माझं साधं मत आहे. काचेवर बोट चोळून कोणी फोन करणार नाही. बटण दाबलं की दाबल्यासारखं वाटलं पाहिजे माणसाला. सहा महिन्यांत गाशा गुंडाळतील, लिहून ठेव." मी लिहून ठेवलं नाही, ते बरं झालं.

टीव्हीवर एका गाण्यात पंचवीस-तीस मुली एकसारखे झगे घालून नाचताना दिसल्या की काका आवाज बंद करायचे. "हे गाणं नाही, हा कोरम आहे. सोसायटीच्या सभेला यातल्या निम्म्या आल्या असत्या तर आमच्या पाण्याच्या टाकीचा ठराव कधीच पास झाला असता." इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दिवसभर वाजणाऱ्या दुकानाच्या गाण्यावर तर त्यांनी सिद्धान्तच मांडला होता. ते गाणं अर्धा तास ऐकलं की गिऱ्हाईक हाताला लागेल ते विकत घेऊन बाहेर पळतं, आणि यालाच जपानी लोक मार्केटिंग म्हणतात. हे मला सांगताना त्यांच्या स्वतःच्या पिशवीत कान साफ करायचं बॅटरीवरचं यंत्र होतं.

टोकियोतल्या फुनाबोरीला संक्रांतीला मराठी मंडळी जमायची. काका सुरू झाले की तिथल्या प्रत्येक नवऱ्याला आपली बायको स्वयंपाकघरात एकटी राबतेय याची एकाएकी जाणीव व्हायची. तिळगुळाची वाटी हातात धरून काका उरलेलं मत भिंतीवरच्या घड्याळाला सांगायचे. मी तरी काय मोठी साधुसंत होते? गाडीत कितीदा तरी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलंय. काकांना त्याचं वाईट वाटत नसे, निदान तसं दाखवत नसत. "झोप, झोप. पुढचं उद्या सांगतो," म्हणायचे.

त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका सकाळी स्टेशनबाहेर जे दिसलं, त्यावर माझा विश्वास बसेना. केळुसकरकाका गप्प उभे होते आणि दुसरं कोणीतरी बोलत होतं.

ते दुसरं कोणीतरी म्हणजे होरिउची-सान. साठीच्या, ठेंगण्या, हातात पांढरे मोजे घातलेल्या बाई. बिअरच्या बाटल्यांचा प्लास्टिकचा क्रेट उलटा घालून त्यावर उभ्या राहायच्या आणि छोट्या मायक्रोफोनवर भाषण करायच्या. एप्रिलात शहराच्या नगरपालिकेची निवडणूक होती. जपानात उमेदवार सकाळी स्टेशनसमोर उभे राहून असे बोलतात, आणि गाडी पकडायला निघालेली माणसं खांबाला वळसा घालावा तशी त्यांच्या बाजूने निघून जातात. मोठ्या पक्षवाल्यांबरोबर पत्रकं वाटायला चार माणसं तरी असतात. या बाईंबरोबर त्यांचा क्रेट होता.

काकांना जपानी राजकारण मुळीच मान्य नव्हतं. "गाडीतून फिरतात आणि नुसतं स्वतःचं नाव ओरडतात! आश्वासन नाही, आरोप नाही. आमचा भंगारवाला सुद्धा काय काय घेणार ते सांगतो." मायक्रोफोनच्या कर्कश आवाजाबद्दल चार शब्द सुनावायलाच ते त्या दिवशी थांबले होते. पण काकांना जपानी येत नव्हतं, आणि थांबलेला माणूस पाहून बाई सबंध त्यांच्याकडे वळून बोलायला लागल्या. मध्ये तोंड घालायला फटच मिळेना. बोलणं संपल्यावर बाईंनी कमरेत वाकून नमस्कार केला, काकांनीही केला, आणि आमची गाडी चुकली.

"काय म्हणत होत्या गं?" गाडीत त्यांनी विचारलं.

"म्हाताऱ्या माणसांना रस्त्यात बसायला बाक नाहीत. दुकान ते घर एका दमात चालवत नाही. बाक ठेवा म्हणतायत."

"बरोबर आहे," काका म्हणाले. पुढचं वाक्य येईल म्हणून मी डोळे मिटायच्या तयारीत होते, पण ते काही आलं नाही.

त्यानंतर काका रोज थांबू लागले. बॅग छातीशी धरून बाईंच्या समोर उभे राहायचे आणि भाषण संपलं की नमस्कार करून निघायचे. ऑफिसात पोरांनी त्यांना 'कार्यकर्ते' म्हणायला सुरुवात केली. परदेशी माणसाला इथे मतदानाचा हक्क नाही हे त्यांना माहीत होतं, बाईंनाही माहीत होतंच. शेवटी मी न राहवून विचारलं, "काका, एक शब्द कळत नाही तुम्हाला. कशाला उभे राहता?"

"अगं, ती बाई रोज तेच सांगते. कोणी थांबत नाही, तरी दुसऱ्या दिवशी नव्याने सांगायला येते. मला नाही जमायचं हे," काका म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मला एकदासुद्धा जमत नाहीये."

हे कशाबद्दल होतं ते मला ठाऊक होतं. जानेवारीतच साहेबांनी काकांना बोलावलं होतं, आणि मध्ये दुभाषी मीच होते. मेनफ्रेम मार्चअखेर कायमचा बंद होणार होता. सगळं नव्या सिस्टिमवर जाणार, त्यामुळे काकांचं कंत्राट पुढे चालू राहणार नव्हतं. साहेबांनी फार अदबीने सांगितलं, मी जमेल तितकं मऊ करून सांगितलं, आणि काका म्हणाले, "बरं." डोंबिवलीला परतल्यावर या वयात, या विद्येला दारात कोण उभं करणार, हे काकांना त्या खोलीतल्या आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. आणि घरी त्यांनी हे सांगितलंच नव्हतं. शरयूकाकूंनी तिकडे अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं, 'ह्यांची मुदत वाढणार आहे. जपानी लोक सोडतच नाहीत ह्यांना.'

दर रविवारी आम्ही स्टेशनजवळच्या फोन बूथवरून घरी फोन करायचो. माझा नंबर काकांच्या मागे. काचेचं दार धड लागायचं नाही, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. "शरयू, इथे एकेक काकडी प्लास्टिकमध्ये गुंडाळतात! हॅलो? हं, तर माझं साधं मत आहे..." काकडी झाली की साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, कधी फुलणार यावर टीव्हीवाले देत असलेले अंदाज, मग भात शिजल्यावर गाणं म्हणणारा कुकर. फोनचं कार्ड संपत आल्याची पिपाणी वाजेपर्यंत एकामागून एक मतं. मग, "बरं, ठेवतो, काळजी घे."

"काका, सांगितलंत?"

"सांगतो गं. बाईंची निवडणूक होऊ दे."

बाईंच्या निवडणुकीचा आणि काकूंना सांगण्याचा काय संबंध, ते मला कळलं नाही. मार्च संपला. मेनफ्रेम बंद झाला त्या दिवशी काकांनी त्याच्या कपाटावर हात ठेवला आणि साहेबांनी निरोपाचा दिलेला फुलांचा गुच्छ त्यांना परत देऊ केला, कारण त्यांना वाटलं तो मेनफ्रेमसाठी आणलाय. तिकीट मात्र त्यांनी पुढे ढकललं. ऑफिस संपलेलं असूनही सकाळी शर्ट खोचून, बॅग घेऊन माझ्याबरोबर निघायचे आणि बाईंसमोर उभे राहायचे. फुनाबोरीत हा विनोद झाला होता. मीही हसले होते. पण काकू तिकडे मुदतवाढीचे पेढे वाटतील की काय, अशी मला धास्ती पडली होती.

निवडणूक झाली आणि बाई पडल्या, चांगल्याच पडल्या. तळातून मोजलं असतं तर लगेच सापडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या होत्या. मायक्रोफोन नव्हता. क्रेटवर उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला नुसत्या वाकून नमस्कार करत होत्या. काका नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. बाईंनी त्यांना पाहिलं, क्रेटवरून उतरल्या आणि मला म्हणाल्या, "तुमच्या काकांनी इतके दिवस माझं ऐकलं. त्यांचा आवाज मी कधी ऐकलाच नाही. आज त्यांनी बोलावं."

"काय म्हणतायत?"

"तुम्ही बोला म्हणतायत. वर चढून."

"मी? मी काय बोलू?"

केळुसकरकाकांच्या तोंडून हा प्रश्न! पण हसू येईना. बाईंनी क्रेट पायाने नीट सरकवला आणि त्यांच्या कोपराला धरून त्यांना वर चढवलं. दोन्ही बाजूंनी माणसं स्टेशनकडे लगबगीने जात होती.

"माझं साधं मत आहे," काका म्हणाले आणि थांबले.

आता रेल्वे येणार, नाहीतर काकडी येणार, असं मला वाटलं. काही आलं नाही. बाई मोजे काढून, हात जुळवून त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.

"शरयू," काका म्हणाले. आवाज एवढा खाली मी कधी ऐकला नव्हता. "इथलं काम संपलं. मी परत येतोय. पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. तुला सांगायची भीती वाटत होती. तू बिल्डिंगमध्ये माझं एवढं कौतुक सांगतेस, त्यांना तू आता काय सांगशील, तेही मला कळत नाहीये."

झालं, एवढंच. बाई खूप खाली वाकल्या, तशाच राहिल्या. मग त्यांनी मला हळूच विचारलं, काय म्हणाले? दुभाषीपणाची वर्षं काही कामाला आली नाहीत. मी फक्त म्हणाले, "घरी जायचं म्हणतायत."

काका क्रेटवरून उतरले. घड्याळ बघितलं. "तिकडे पहाटेचं पाणी आलं असेल. ती जागी असेल," म्हणाले, आणि तडक फोन बूथमध्ये शिरले.

मी बाहेर उभी राहिले. त्या दिवशी मी गाडीचा विचार सोडून दिला होता.

"शरयू, मी. नाही नाही, तब्येत बरी आहे. ऐक जरा." मघाचीच वाक्यं त्यांनी पुन्हा सांगितली, या वेळी आणखी थोडक्यात. आणि मग ते गप्प झाले. रिसीव्हर कानाला, कपाळ काचेला टेकलेलं. मधूनच "हं" म्हणायचे. बराच वेळ गेला. पिपाणी वाजली, तरी त्यांनी घाईघाईने काही म्हटलं नाही.

बाहेर आले तेव्हा शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होते.

"काय म्हणाल्या काकू?"

"म्हणाली, दोन-तीन महिने नुसतं जगाचं बोलताय, तेव्हाच समजले. दर रविवारी वाटायचं, आज सांगतील. म्हणाली, बिल्डिंगचं मी बघते, तुम्ही या." काकांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. "मी म्हटलं, बरं, ठेवतो. तर म्हणाली, ठेवू नका. बोलूही नका काही. पिंप भरेस्तोवर नुसते थांबा."

"मग?"

"मग काय. नळाचा आवाज ऐकत उभा होतो," काका म्हणाले, आणि रस्त्यात, इतक्या माणसांत, मोठ्याने रडायला लागले.